माणूस, म्हैस आणि खपली गहू: उत्क्रांतीबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांत आम्ही उत्क्रांतीवर बोलायला जातो, पावसाळ्यात पोरांना घेऊन मसाई पठारावर फिरतो. पोरं मोठ्यानं प्रश्न विचारतात, मागे उभे असलेले पालक जरा दबकत विचारतात, आणि शिक्षक तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं दिले आहेत. नवी प्रजाती कशी तयार होते ते एकदा नीट कळलं, की माणसाबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून तो भाग मुद्दाम लांबू दिला आहे.

माणूस माकडापासून झाला, हे खरं का?

आज दिसणाऱ्या कुठल्याही माकडापासून नाही. जोतिबाच्या डोंगरावर हातातला नारळ हिसकावून नेणारं माकड आपला पूर्वज नव्हे, फार लांबचा भाऊबंद आहे. त्याची आणि आपली वंशावळ मागे मागे नेली तर ती सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एकत्र येते. चिंपांझी त्या मानानं अगदी जवळचा. त्याचे आणि आपले समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होते. ते चिंपांझीही नव्हते आणि माणूसही नव्हते. त्यांच्या एका शाखेतून चिंपांझी आणि बोनोबो आले. दुसऱ्या शाखेला अनेक फाटे फुटले, त्यातले बहुतेक खुंटले, आणि एक फाटा आपल्यापर्यंत आला.

वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची एक रांग दाखवणारा तक्ता अजून कितीतरी वर्गांच्या भिंतींवर दिसतो. आमचं स्पष्ट मत आहे की तो उतरवावा. त्या रांगेमुळे वाटतं, एक गेला आणि त्याच्या जागी पुढचा आला. प्रत्यक्षात सुमारे २० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत पॅरान्थ्रोपस, होमो हॅबिलिस आणि होमो इरेक्टस हे माणसाचे प्राचीन भाऊबंद सगळे एकाच काळात वावरत होते.

मग आताची माकडं माणसं का होईनात?

माणूस होणं हे उत्क्रांतीचं ध्येय कधीच नव्हतं. ज्या परिसरात जो जीव तगतो आणि पिल्लं वाढवतो, त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात, इतकंच घडतं. दाजीपूरच्या जंगलातलं वानर पानं खाऊन, झाडावरून झाडावर उड्या मारून उत्तम जगतंय. चिंपांझीही आपल्याइतकीच वर्षं बदलत आला आहे, फक्त त्याच्या वाटेनं.

पैलवानाच्या पोराला अंगची ताकद वारशानं मिळते ना? म्हणजे कमावलेले गुण पुढे जातात असंच झालं की!

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तरही तालमीतच आहे. वर्षानुवर्षं लाल मातीत घुमलेल्या पैलवानाचे कान जवळून बघा. घासून, मार खाऊन, आत रक्त साकळून त्यांचा घट्ट गड्डा झालेला असतो. पणजोबापासून कुस्ती चालत आलेल्या घरांतही तसे कान घेऊन बाळ जन्माला येत नाही. प्रत्येक पिढीला ते आखाड्यात नव्यानं कमवावे लागतात. पिळदार दंडाचंही तेच. उंची, हाडापेराची ठेवण, स्नायूंचा मूळ बांधा हे वारशात येऊ शकतं. खुराक आणि वस्तादाची नजर घरातून मिळते, पण ती जनुकांतून येत नाही.

वारशात नवं काही येतं ते जनुकांतल्या बदलांमधून, म्हणजे उत्परिवर्तनांमधून. प्रत्येक बाळात आईवडिलांकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. बहुतेकांनी काहीच फरक पडत नाही, काही त्रासाचे ठरतात, एखादा उपयोगी पडतो.

प्रजाती म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात रुळलेली व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडली: निसर्गात जे आपसात प्रजनन करतात आणि ज्यांची संततीही पुढे प्रजनन करू शकते, ते एका प्रजातीचे. घोड्याची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले जनुकांचे धागे, ६४, गाढवाची ६२. दोघांचं खेचर होतं ६३ गुणसूत्रांचं, आणि ते वांझ निघतं. म्हणून घोडा आणि गाढव वेगळ्या प्रजाती. उलट मुऱ्हा, जाफराबादी आणि लांब शिंगांची आपली पंढरपुरी, यांची बाजारातली किंमत कितीही वेगळी असो, प्रजाती एकच.

ही व्याख्या सगळीकडे चालत नाही. हाडांच्या जीवाश्मांना कोण कुणाशी जमत होतं हे विचारता येत नाही. जिवाणूंना ती लागूच होत नाही. मधल्या पायऱ्याही असतात. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि पुढे पुढे ते आफ्रिकेतूनही आणले जात. आशियाई आणि आफ्रिकी चित्ते कित्येक हजार वर्षं वेगळे राहिले, थोडे वेगळे झालेही. पण प्रजाती म्हणावी इतके नाही, म्हणून त्यांना उपप्रजाती म्हणतात. निसर्गात सीमारेषा आधी आखलेल्या नसतात. आपण त्या नंतर आखतो, त्यामुळे काही ठिकाणी त्या पुसट राहणारच.

नवी प्रजाती तयार होते तरी कशी?

एका गटाचे दोन गट होतात आणि त्यांच्यातली सोयरीक थांबते. मूळ गोष्ट एवढीच आहे. थांबण्याचं कारण नदी असेल, डोंगर असेल, वाढलेलं समुद्राचं पाणी असेल, किंवा मधलं जंगल आटून दोन टोकांना राहिलेली दोन बेटं असतील. सोयरीक थांबली की इकडे झालेलं उत्परिवर्तन तिकडे पोचत नाही. दोन्हीकडचा पाऊस वेगळा, शत्रू वेगळे, खाणं वेगळं, त्यामुळे दोन्हीकडे टिकणारे गुण वेगळे. गट लहान असेल तर नुसत्या योगायोगानंही गुण बदलतात. पुरेशा पिढ्यांनंतर दोन्ही गट पुन्हा समोरासमोर आले तरी जोडी जुळत नाही, किंवा जुळली तरी संतती तगत नाही. तेव्हा आपण म्हणतो, दोन प्रजाती झाल्या.

यासाठी डार्विनमुळे गाजलेल्या गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. आपला सह्याद्री याच कामाची जागा आहे. खोल दऱ्या, एकमेकांपासून तुटलेले सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं), प्रत्येकावर वेगळी माती आणि वेगळा पाऊस. कोयनेच्या बाजूला एक छोटा भेक आहे, १९६३ मध्ये त्याचं वर्णन झालं. दक्षिणेला आंबोलीत त्याचा सख्खा म्हणावा असा नातलग आहे, त्याची वेगळी प्रजाती म्हणून नोंद २००९ मध्ये झाली. पावसाळ्याच्या सुरुवातीला जांभ्या खडकाच्या सड्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. या दोघांचा शास्त्रीय वंश (जीनस) झँथोफ्राइन. त्या वंशात एवढ्या दोनच प्रजाती माहीत आहेत आणि दोन्ही उत्तर सह्याद्रीतल्याच. इंचभर-दीड इंचाच्या भेकाला मधली दरी आणि कोरडा पट्टा ओलांडणं किती अवघड असेल, ते सड्यावर उभं राहिलं की लगेच कळतं.

डोंगराची आडकाठी नसतानाही सोयरीक तुटू शकते, आणि त्यासाठी आमचं आवडतं उदाहरण कंदीलपुष्पाचं, म्हणजे सेरोपेजियाचं. फूल उभं धरून भिंगातून बघा. वर पाकळ्यांचा छोटा पिंजरा, खाली निमुळती नळी, आणि बऱ्याच प्रजातींत नळीत खालच्या दिशेला वळलेले केस. वासाला भुलून बारीक माशी आत उतरते, पण केसांमुळे तिला लगेच परत फिरता येत नाही. आत धडपडताना परागांची पुडी तिला चिकटते. पुढे केस मलूल होतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात पुन्हा अडकते. आता एका वेलीच्या फुलाचा वास जरासा बदलला आणि वेगळ्याच प्रकारची माशी येऊ लागली, तर शेजारी वाढणाऱ्या दोन वेलींचे परागही एकमेकींपर्यंत पोचणार नाहीत. महाराष्ट्रात कंदीलपुष्पांच्या इतक्या प्रजाती का, याच्या उत्तरात तुटक सडे आणि चोखंदळ माश्या या दोन्हींचा वाटा असणार, असं आम्हाला वाटतं.

विशाळगडावर २०२३ साली नवी प्रजाती सापडली. ती तेव्हाच तयार झाली का?

नाही. शिवरायांच्या नावानं ओळखली जाणारी ती सेरोपेजिया कितीतरी हजार वर्षं तिथल्या कड्यांवर फुलत असणार. नवी होती ती आपली ओळख.

डोळ्यांदेखत नवी प्रजाती झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते तुमच्या डब्यात आहे. खिरीसाठी आपण जो खपली गहू आणतो त्याची गुणसूत्रं २८. रोजच्या चपातीच्या गव्हाची ४२. आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या आसपासच्या शेतांत खपलीच्या जातकुळीतल्या गव्हाचा बांधावरच्या एका रानगवताशी संकर झाला. त्या गवताची गुणसूत्रं १४. संकरात दोघांची निम्मी निम्मी आली, १४ आणि ७, म्हणजे २१. अशा रोपात गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत, त्यामुळे ते वांझच राहायला हवं. पण वनस्पतींत अधूनमधून एक चूक होते: पेशी विभागताना गुणसूत्रं दुप्पट होतात. २१ चे ४२ झाले, प्रत्येकाला जोडीदार मिळाला, बी धरलं, आणि चपातीचा गहू जन्माला आला. आज खपलीचा आणि साध्या गव्हाचा संकर केला तर रोपात ३५ गुणसूत्रं येतात आणि दाणे नीट भरत नाहीत. म्हणजे दोघांत कुंपण पडलं, तेही माणूस शेती करू लागल्यानंतर.

आपल्या उसाची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. जाड, गोड ऊस आणि नदीकाठचा रानटी ऊस या दोन प्रजातींचा संकर कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरमण यांनी केला. त्यातला को २०५ हा वाण १९१८ मध्ये आला. आज शिरोळपासून राधानगरीपर्यंत दिसणाऱ्या ८६०३२ या वाणामध्येही तेच मिश्र रक्त आहे, आणि आजच्या उसाच्या एकेका पेशीत शंभराहून जास्त गुणसूत्रं असतात. पण ऊस कांडी लावून वाढतो, त्यामुळे तो स्वतःच्या बळावर वेगळी प्रजाती झाला असं म्हणणार नाही.

प्राण्यांतलं उदाहरण हवं असेल तर गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावरचं घ्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांची नोंद ठेवत होते. १९८१ मध्ये दुसऱ्या बेटावरचा एक मोठा नर तिथं आला, त्यानं स्थानिक मादीशी जोडी केली. त्याच्या वंशजांची चोच वेगळी, गाणं वेगळं, आणि काही पिढ्यांतच ते फक्त आपसात जोड्या करू लागले.

माणसाची गुणसूत्रं ४६, चिंपांझीची ४८. पहिल्यांदा ज्याच्यात संख्या बदलली, त्याला जोडीदार कुठून मिळाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराची आम्ही मनापासून पाठ थोपटतो, कारण तो खरोखर चांगला आहे. उत्तर गोठ्यात आहे.

भारतातल्या बहुतेक म्हशी नदी-म्हशी आहेत, गुणसूत्रं ५०. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात दलदलीच्या भागात राबणारी म्हैस वेगळी, तिची ४८. तिच्यात दोन वेगळी गुणसूत्रं टोकाला टोक जोडून एकच झाली आहेत. जनुकं बहुतेक तीच, बांधणी बदललेली. दोघींचा संकर केला तर ४९ गुणसूत्रांचं रेडकू होतं, आणि ते खेचरासारखं वांझ नसतं. त्याच्या काही बीजपेशी बिघडतात, प्रजननक्षमता थोडी घटते, पण वंश चालतो.

माणसाच्या बाबतीतही हेच झालं असणार. पूर्वजांच्या एका लहान टोळीत दोन गुणसूत्रं जोडली गेलेलं बाळ जन्मलं. त्याची ४७ होती, जोडीदाराची ४८, तरी मुलं झाली. पुढे नात्यातल्याच दोघांकडून जोडलेलं गुणसूत्र मिळालेलं मूल ४६ चं झालं. जोडाचा सांधा आजही आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात वाचता येतो. एरवी फक्त टोकाला असणारी अक्षरमाळ तिथं मधोमध सापडते, आणि एका बंद पडलेल्या गुणसूत्रबिंदूच्या (पेशी विभागताना गुणसूत्र जिथं धरलं जातं त्या जागेच्या) खुणाही दिसतात. आजही साधारण हजारात एका माणसात दोन गुणसूत्रं जोडलेली असतात. त्याची ४५ भरतात, आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

पहिला माणूस कोण होता?

कुणीच नाही. गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीकडे जाताना कोल्हापुरी बोली संपून मालवणी नेमकी कुठल्या मैलाच्या दगडापाशी सुरू झाली, ते दाखवता येतं का? वरच्या आणि खालच्या टोकाला फरक उघड असतो, मधल्या प्रत्येक वाडीत मात्र शेजारच्या वाडीचं बोलणं सहज कळतं. आईनं कधीच वेगळ्या प्रजातीच्या मुलाला जन्म दिला नाही. बदलत गेला तो सगळा गट, हजारो पिढ्यांत.

आणि सगळे गुण एकदम आले नाहीत. आधी पाय बदलले, डोकं कितीतरी नंतर. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पावलांच्या खुणा ३६ लाख वर्षांच्या आहेत, ताठ चालणाऱ्यांच्या. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ल्युसी (हे एका मादीच्या सांगाड्याचं नाव) ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूहून थोडाच मोठा. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे जीवाश्म सुमारे ३ लाख वर्षांचे. चेहरा जवळजवळ आपला, कवटी मात्र अजून मागे लांबट.

हे सगळं आफ्रिकेतच का सापडतं? कोल्हापुरात का नाही?

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो माणसाच्या काळाच्या फार आधीचा. वरचा जांभा आणि धो धो पाऊस हाडं टिकू देत नाहीत. पूर्व आफ्रिकेत खचदरीत गाळ आणि ज्वालामुखीची राख थरावर थर साचत गेली. हाडं झाकलीही गेली आणि राखेमुळे त्यांचं वय काढता आलं.

भारतात काहीच नाही असं नव्हे. नर्मदाकाठी हथनोराला अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. तमिळनाडूतल्या अत्तिरामपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. शिवालिक टेकड्यांमधला रामापिथेकस हा जीवाश्म जुन्या पुस्तकांत माणसाचा पूर्वज म्हणून भेटतो, पण तो शिवापिथेकसच आहे आणि त्याचं नातं ओरांगउटानशी, हे आता स्पष्ट झालं आहे. आपल्या टाऊन हॉल म्युझियममधली ब्रह्मपुरीच्या उत्खननातली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सुमारे दोन हजार वर्षांची. पोरांना ती खूप जुनी वाटते, आणि इतिहासाच्या हिशोबात ती आहेही. ल्युसीचं अंतर त्याच्या दीड हजार पटींहून जास्त.

निअँडरथल नावाचे नामशेष मानव आपल्यात मिसळले होते, मग ते वेगळी प्रजाती कसे?

स्वांते पाबो यांच्या गटानं २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकसंच वाचला, त्यासह एकूण कामासाठी त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे आपल्यातही, १ ते २ टक्के अंश निअँडरथलचा आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरचा त्यांच्याकडून आलेला एक तुकडा कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवतो, आणि दक्षिण आशियातल्या साधारण निम्म्या लोकांत तो आहे.

मायर यांची व्याख्या कडक लावली तर ते आपलेच. पण मिसळ अधूनमधून झाली आणि बरेचसे तुकडे पुढे निवडीत गळून पडले, म्हणजे कुंपण निम्मं उभं राहिलं होतं. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल संपले नसते, तर ते पूर्ण झालंही असतं.

जातीजातींत, वंशावंशांत असा फरक असतो का?

नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तिथं या प्रश्नाला आडवळणानं उत्तर द्यायचं कारण नाही. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये आपसात जेवढं वैविध्य आहे, तेवढं जगभरच्या माणसांत मिळूनही नाही. भारतापुरतं बोलायचं तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, असं दिसलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समूह सर्रास मिसळत होते. नंतर जातीतच लग्न करण्याची प्रथा घट्ट झाली. तिच्यातून प्रजाती झाल्या नाहीत, होण्याइतका काळही नाही. काही समूहांत ठरावीक आनुवंशिक आजार मात्र वाढले.

माणसाची उत्क्रांती आता थांबली का?

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन बघा. समोर म्हैस उभी, धार काढून फेसाळलेला ग्लास थेट हातात. त्या एका मोठ्या ग्लासात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. ते पचवणारं लॅक्टेज हे विकर बाळपणी सगळ्यांत असतं, पण जगातल्या बहुसंख्य माणसांत मोठेपणी कमी होतं. जिथं गुरं पाळली गेली तिथं गेल्या दहा हजार वर्षांत ते मोठेपणीही चालू ठेवणारं उत्परिवर्तन पसरलं. युरोपात आणि भारतात सापडणारं हे उत्परिवर्तन एकच आहे. वायव्य भारतात ते जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पण निलगिरीत म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांत भरपूर. कट्ट्यावर ज्याला ग्लास रिचवून काही होत नाही आणि ज्याच्या पोटात गुडगुडतं, त्या दोघांतला फरक बराचसा इथं आहे. दुसऱ्यानं ताक प्यावं, त्यात लॅक्टोज कमी असतं.

दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना?

मासा, कासव, वराह हा क्रम पाहून हे साम्य हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञाच्याही नजरेत भरलं होतं. पण अवतार ही एकाच विष्णूनं हेतूनं घेतलेली रूपं आहेत. उत्क्रांतीत हेतू नाही, एकच रांगही नाही. कासवाचा वराह झाला नाही. आपल्या आजीनं सांगितलेली कथा तिच्या जागी मोलाची आहे, तिला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

'हा तर नुसता सिद्धांत आहे', त्याचं काय?

विज्ञानात सिद्धांत म्हणजे अंदाज नव्हे. जीवाश्म, जनुकं, शरीररचना, प्राणी-वनस्पतींचा भौगोलिक पसारा, हे सगळे स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ मध्ये वगळला गेला, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच पहिला धडा आहे. तो पाठ करून सोडू नका.

मुलांना हे प्रत्यक्ष कुठं दाखवता येईल?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात, तिथं कंदीलपुष्पांच्या अनेक प्रजाती जतन केल्या आहेत. आधी परवानगी घ्या आणि भिंग बरोबर ठेवा. सड्यावर गेलात तर फुलं तोडू नका, कंद उकरू नका. काही प्रजाती जगात फक्त त्या एकदोन कड्यांवरच उरल्या आहेत. पावसाळा नसेल तर घरीच सालीसकट खपली आणि साधा गहू, दोन्हींचे मूठ मूठ दाणे ताटात पसरा आणि पोरांना वेगळे करायला सांगा. मळणीनंतरही टरफल न सोडणारा दाणा खपलीचा.